अल्गोलचं कोडं

मागच्या व्याख्यानात आपण जोडताऱ्यांचं वस्तुमान कसं काढतात ते पाहिलं. आज अल्गोलकडे वळू. ययाति तारकासमूहातला हा तारा साध्या डोळ्यांनी दिसतो, आणि दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंदावतो.

हा काळ मोजला यॉर्कच्या जॉन गुडरिकनं. 1782 च्या नोव्हेंबरात त्यानं तारा मंदावलेला पाहिला तेव्हा तो होता 18 वर्षांचा, आणि त्याला ऐकू येत नव्हतं. तो आणि शेजारचा मित्र एडवर्ड पिगट, दोघं आजूबाजूच्या ताऱ्यांशी तुलना करून चमक ठरवायचे. साधन म्हणाल तर मुख्यतः डोळे! अल्गोलसमोरून एखादा काळोखा गोल जात असावा, नाहीतर त्याच्या अंगावर डाग असावेत, असे दोन पर्याय त्यानं मांडले. 1783 मध्ये कॉप्ली पदक, 1784 मध्ये बीटा लायरीचा शोध, आणि 1786 मध्ये, 21 व्या वर्षी, मृत्यू. पहिलाच पर्याय बरोबर, हे 1889 साली पॉट्सडॅमच्या फोगेलनं वर्णपटावरून दाखवलं.

पुढे अशा ताऱ्यांचे प्रकार पाडले गेले ते प्रकाशवक्राच्या आकारावरून: अल्गोलसारखे, बीटा लायरीसारखे, आणि सप्तर्षीतल्या डब्ल्यू ताऱ्यासारखे. सोयीचं होतं, पण आम्हाला विचाराल तर तापाचा आलेख बघून रोगाला नाव देण्यासारखंच.

अडचण अल्गोलमध्येच निघाली. जड तारा इंधन लवकर संपवतो, म्हणजे आधी म्हातारा तोच व्हायला हवा. इथे उलटं! सूर्याच्या तिपटीहून जड तारा अजून तरुण, आणि सूर्याहून हलका जोडीदार फुगलेला, उतारवयातला. दोघं जन्मले एकत्र, मग हे कसं?

1955 साली क्रॉफर्डनं सुचवलं की आजचा हलका तारा पूर्वी जड होता. फुगला आणि आपलं द्रव्य जोडीदाराला देऊन बसला. त्याच वर्षी झ्डेनेक कोपालनं वर्गवारीचा पायाच बदलला. प्रत्येक ताऱ्याभोवती त्याच्या गुरुत्वाची एक हद्द असते, तिला रोश पाळी म्हणतात. दोघंही हद्दीच्या आत असले तर विलग, एकानं हद्द भरली तर अर्धविलग, दोघांनी भरली तर संलग्न. अल्गोल अर्धविलग.

बीटा लायरीत ही देवघेव आजही जोरात चालू आहे. तिचा सुमारे 13 दिवसांचा आवर्तकाल दरवर्षी जवळपास 19 सेकंदांनी वाढतो. गुडरिकच्या काळापेक्षा तो आता तासाहून जास्त लांबला आहे.