मातलेला हरीक

ऑक्टोबर 2024 च्या शेवटच्या आठवड्यात मध्य प्रदेशातल्या बांधवगडमध्ये हत्ती मरायला लागले. 13 हत्तींचा कळप होता, त्यातले 10 तीन दिवसांत गेले. आधी संशय विषप्रयोगाचा होता. मग बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचा तपासणी अहवाल आला. हत्तींच्या पोटात सायक्लोपियाझोनिक ॲसिड नावाचं विष सापडलं होतं. ते कुणी घातलेलं नव्हतं. हत्तींनी शेतातलं कोदो भरपूर खाल्लं होतं आणि त्या कोदोला बुरशी लागलेली होती.

ही बातमी मी पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये मोबाइलवर वाचली. रात्री खेडला आजीला फोन केला तेव्हा सहज सांगितली. कोदो म्हणजे काय ते तिला समजेना. दाणा कसा असतो, कुठे होतो ते सांगितल्यावर ती म्हणाली, "अरे, हा आपला हरीक! मातला असेल."

शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत जे सापडलं, ते आजीनं एका क्रियापदात सांगून टाकलं. तिथून मी या विषयाच्या मागे लागलो.

डोंगरउतारावरचं धान्य

आज कोकण म्हटलं की भात आणि आंबा. पण भात होतो तो खाचरात, आणि खाचर सगळ्यांच्या वाट्याला नव्हतं. उरलेल्यांना डोंगरउतारावरची वरकस जमीन. तिथे नाचणी, वरी आणि हरीक. 1880 च्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही या पिकांची नोंद आहे. जमिनीचा कस उतरत गेला तरी हरीक तग धरायचा, म्हणून तो गरिबाचा आधार होता.

आणि त्यातच एक खोट होती. दाणा भरताना किंवा कापणीच्या वेळी पाऊस पडला, धान्य ओलं राहिलं, की त्यावर बुरशी धरते. अशा हरकाचा भात खाल्ला की गुंगी येते, हातपाय थरथरतात, उलट्या होतात. माणूस बहुधा एकदोन दिवसांत सावरतो. 'मातणे' म्हणजे नशा चढणे. हिंदी पट्ट्यात अशाच कोदोला 'मतौना' म्हणतात. दोन भाषांनी एकाच अनुभवाला जवळजवळ एकच नाव दिलं.

विज्ञान सावकाश आलं. 1934 मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये दक्षिणेत हत्ती कोदो खाऊन मेल्याची नोंद छापून आली. कोदोच्या विषबाधेमागे सायक्लोपियाझोनिक ॲसिड आहे आणि ते धान्यावरच्या ॲस्परजिलस जातीच्या बुरशा तयार करतात, हे संशोधन प्रसिद्ध झालं 1985 मध्ये. आजीकडे रेणूचं सूत्र नव्हतं, पण नियम होते. ओलं धान्य कणगीत भरायचं नाही. पावसात सापडलेलं वेगळं ठेवायचं. आधी थोडंसं खाऊन बघायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर बग सापडला नव्हता, पण टेस्टिंग चालू होतं.

जे मातत नाही ते

सगळ्याच बुरशा अशी सूचना देत नाहीत. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले. कारण निघालं त्यांच्या खाद्यातली शेंगदाण्याची पेंड. त्यातून अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. 1974 च्या पावसाळ्यानंतर गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा भागात आदिवासी कुटुंबांमध्ये काविळीची साथ पसरली. पोटात पाणी होऊन माणसं जात होती. त्या घरांतली कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तपासात भिजलेला, बुरशी आलेला मका सापडला. 397 रुग्णांपैकी 106 दगावले. मका वाईट दिसतोय हे त्यांनाही दिसत असणार. पण घरात दुसरं धान्य नसेल तर माणूस काय करणार?

हरीक खाल्ला की त्याच दिवशी कळायचं. अफ्लाटॉक्सिन थोडंथोडं जात राहिलं तर वर्षानुवर्षं कळत नाही आणि यकृताच्या कॅन्सरचा धोका वाढत जातो. म्हणून आज अन्नसुरक्षा कायद्यात तृणधान्यासाठी त्याची मर्यादा किलोला 15 मायक्रोग्रॅम अशी आहे. ती पाळली का हे जिभेला समजत नाही, यंत्राला समजतं.

लोटे

आता आमच्या तालुक्यात येऊ. खेडहून मुंबई-गोवा महामार्गानं चिपळूणकडे निघालं की परशुराम घाटाच्या अलीकडे लोटे परशुराम एमआयडीसी लागते. मुख्यतः रासायनिक कारखाने. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीनं 2011 च्या अहवालात लोट्यावर सविस्तर लिहिलं. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला येणारं पाणी झेपत नाही, विषारी गाळ मातीत मिसळून घाटात टाकला गेला, कुणीतरी टँकरनं बोरज धरणात घातक कचरा ओतला आणि खेड शहराचा पाणीपुरवठा काही महिने बंद ठेवावा लागला, हे सगळं त्यात आहे. कोतवलीच्या सरपंचांनी वैतागून ओढ्याचं तेच पाणी पिऊन जीव द्यायचा प्रयत्न केला, तेही आहे. कारखान्यांनी 11,000 लोकांना काम दिलं, पण दाभोळ खाडीतली मासळी घटून 20,000 जणांचा रोजगार गेला, असं लोकांनी समितीला सांगितलं. ऑगस्ट 2007 ते ऑक्टोबर 2009 या काळात जिल्ह्यात 191 दिवस जमावबंदीचे आदेश होते, हाही आकडा त्याच अहवालातला.

माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरचा पगार लोट्यातून यायचा. त्यामुळे कारखाने बंद करा असं म्हणणं मला सोपं नाही. पण ओढ्याचं पाणी खाचरात येतं, खाचरातून भातात येतं, आणि भात मातत नाही. दाणा पांढराशुभ्रच दिसतो.

2025 मध्ये लोट्याचं नाव इटलीशी जोडलं गेलं. व्हेनेतो प्रांतातल्या मितेनी कंपनीनं पीफास गटातली रसायनं बनवताना भूजल दूषित केलं. साडेतीन लाखांच्या आसपास लोकांना त्याची झळ पोचली. ही रसायनं निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. तिथे ती माणसांच्या रक्तात आणि आसपास पिकणाऱ्या अन्नातही सापडली. कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि जून 2025 मध्ये विचेंझाच्या न्यायालयानं 11 जणांना शिक्षा सुनावल्या. तिची यंत्रसामग्री मात्र त्याआधीच लिलावात विकली गेली होती, आणि ती आली आमच्या लोट्यात.

यंत्र आलं म्हणजे विष आलंच, असं नाही. पण व्हेनेतोच्या लोकांनाही 2013 पर्यंत पाण्यात काय आहे हे माहीत नव्हतं. म्हणून मागणी साधी आहे. लोट्याच्या आसपासची माती, विहिरी आणि भात दर वर्षी तपासा, आणि आकडे गावाच्या फलकावर मराठीत लावा. आजचे आकडे नोंदलेले नसतील, तर दहा वर्षांनी काय बिघडलं हे कोण सिद्ध करणार?

मागच्या सुट्टीत मी आजीला हे सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग हे खाल्लं तर माणसाला काय होतं, ते कधी कळतं?"

मी म्हटलं, "वीस-तीस वर्षांनी."

"त्यापेक्षा हरीक बरा," ती म्हणाली. "निदान सांगायचा तरी."