रात्री दोनची लेखिका: ऑक्टेव्हिया बटलर आणि पहिल्या कादंबरीपूर्वीची वर्षे

१/ १९७० च्या दशकाचा पूर्वार्ध, लॉस एंजेलिस. रात्रीचे दोन वाजले आहेत. विशीतली एक कृष्णवर्णीय तरुणी उठून लिहायला बसते. उजाडल्यावर तिला कामावर जायचे असते. हे काम कधी भांडी घासण्याचे, कधी फोनवरून वस्तू विकण्याचे, तर कधी बटाट्याचे वेफर तपासण्याचे. ही ऑक्टेव्हिया बटलर. विज्ञानकथेची निस्सीम वाचक आणि अद्याप एकही कादंबरी प्रसिद्ध न झालेली कादंबरीकार.

२/ तिचा जन्म २२ जून १९४७ चा, कॅलिफोर्नियातील पॅसाडेनाचा. वडील बूटपॉलिश करीत. ती लहान असतानाच ते वारले. आई गोऱ्या कुटुंबांत घरकाम करी. आईची शाळा लहानपणीच सुटली होती. म्हणूनच की काय, मालकांनी टाकून दिलेली पुस्तके ती लेकीसाठी आवर्जून घरी आणी.

३/ मुलगी बुजरी, वयाच्या मानाने फार उंच आणि डिस्लेक्सियामुळे वाचताना अडखळणारी. तरीही वाचनालय हाच तिचा आसरा. मोठ्यांच्या विभागात लहानांना प्रवेश नव्हता आणि बालविभागातली पुस्तके तिला पुरेनाशी झाली होती. तेव्हा ती विज्ञानकथांच्या मासिकांकडे वळली. दहाव्या वर्षी तिने टंकलेखन यंत्राचा हट्ट धरला आणि आईने तो पुरवला.

४/ बाराव्या वर्षी तिने दूरचित्रवाणीवर 'डेव्हिल गर्ल फ्रॉम मार्स' (१९५४) हा सुमार चित्रपट पाहिला. यापेक्षा बरी गोष्ट आपण लिहू शकतो, असे तिला वाटले. शिवाय असल्या गोष्टीचेही कोणाला तरी पैसे मिळाले होते! त्या दिवसांत तिने जे लिहायला घेतले, त्यातूनच पुढे तिची पहिली कादंबरीमालिका आकाराला आली.

५/ मात्र कृष्णवर्णीय माणसांना लेखक होता येत नाही, असे तिच्या मावशीने तिला प्रेमानेच समजावले. मावशीचे म्हणणे क्रूर खरे, पण निराधार नव्हते. ती मासिके परग्रहांवरच्या नाना जीवांची कल्पना करीत. त्यांच्या पानांवर कृष्णवर्णीय स्त्री मात्र जवळजवळ नसे. वाचक म्हणून बटलरला ज्या जगाची ओढ होती, त्या जगाने तिची कल्पनाच केलेली नव्हती.

६/ मार्ग दाखवणारेही कोणी नव्हते. कथा वाचून देण्यासाठी एका एजंटाने ६१ डॉलर २० सेंट घेतले. ही रक्कम घराच्या महिन्याच्या भाड्याहून अधिक होती आणि ती पाण्यात गेली.

७/ पुढे पटकथालेखक संघाच्या एका वर्गात लेखक हार्लन एलिसन यांनी तिचे लेखन हेरले. त्यांच्याच आग्रहाने १९७० साली ती पेनसिल्व्हेनियातील क्लॅरियन कार्यशाळेला गेली. तेथे तिच्या दोन कथा विकल्या गेल्या. एक १९७१ साली प्रसिद्ध झाली. दुसरी ज्या संग्रहासाठी घेतली होती, तो तिच्या हयातीत निघालाच नाही.

८/ आपण आता लेखक झालो, असे तिला वाटले. त्यानंतर पाच वर्षे तिचे एकही अक्षर विकले गेले नाही. रात्री दोनला उठण्याचे दिवस ते हेच. स्फूर्तीवर विसंबू नये, सवयीवर विसंबावे, असे ती पुढे नवोदितांना सांगे. तो उपदेश या वर्षांनी शिकवलेला होता.

९/ १९७४ च्या अखेरीस तिची नोकरी गेली. आता कथा पुरे, कादंबरीच पूर्ण करायची, असे तिने ठरवले. 'पॅटर्नमास्टर' डबलडे या प्रकाशनसंस्थेने स्वीकारली आणि १९७६ साली ती प्रसिद्ध झाली. तेव्हा बटलर एकोणतीस वर्षांची होती.

१०/ तिसऱ्या कादंबरीच्या पैशांतून ती बसने मेरीलँडला गेली. गुलामगिरीचा मुलूख तिला डोळ्यांनी पाहायचा होता. जवळच जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या वाड्यात मार्गदर्शक गुलामांना 'नोकर' म्हणत होते. या प्रवासातून 'किंड्रेड' (१९७९) उभी राहिली. तिची नायिका डेना १९७६ च्या लॉस एंजेलिसमधून थेट गुलामगिरीच्या काळात खेचली जाते. तीही लेखिका आणि पोटासाठी हंगामी कामे करणारी. कष्टाची ती वर्षे अशी कादंबरीत उतरली.

११/ पुढे ह्यूगो आणि नेब्युला पुरस्कार आले. १९९५ साली मॅकआर्थर फेलोशिप मिळवणारी ती पहिली विज्ञानकथाकार ठरली. २००६ साली तिचे निधन झाले.

१२/ यशस्वी लेखकाचे उमेदवारीचे दिवस इतिहासात सहसा धूसर राहतात, कारण त्या काळातले कागद कोणी जपत नाही. बटलरने ते जपले. वह्या, टाचणे, अपुरे खर्डे, पैशांचे हिशेब हे सारे आज हंटिंग्टन ग्रंथालयात आहे. त्यांतल्या १९८८ च्या एका वहीत, आपली पुस्तके सर्वाधिक खपाच्या यादीत जातील, असे तिने स्वतःलाच बजावले आहे.

१३/ 'पॅरेबल ऑफ द सोअर' (१९९३) 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या त्या यादीत पोहोचली सप्टेंबर २०२० मध्ये, तिच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. त्या वहीतला शब्द खरा झाला. तो पाहायला ती मात्र नव्हती.