पट्टीवरच्या दोन रेघांमधलं पाणी

आवर्तन सुटलं की देवळाली प्रवऱ्याच्या शिवारात पहिला प्रश्न येतो तो पाण्याचा: पाट किती चालू आहे? उत्तर क्युसेकमध्ये मिळतं. पण कालव्यातलं पाणी कोणी मापात धरून मोजलेलं नसतं. पाटकऱ्याने पाहिलेली असते ती काठावरची पट्टी, म्हणजे पांढऱ्या पत्र्यावरच्या काळ्या रेघा आणि त्यांच्यावर हलणारी पाण्याची कड. ही कड नेमकी रेघेवर क्वचितच थांबते.

प्रवरेच्या उजव्या कालव्याचं हे पाणी भंडारदऱ्याचं. तिथल्या धरणाचं काम 1910 मध्ये सुरू झालं. 10 डिसेंबर 1926 रोजी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. साठा 11,039 दशलक्ष घनफूट. नदीने खाली आलेलं पाणी संगमनेर तालुक्यातल्या ओझर बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांत वळतं. त्याच्या जोरावर या भागात ऊस उभा राहिला, हरेगावला बेलापूर कंपनीचा आणि पुढे लोणीला सहकारी साखर कारखाना आला. एवढ्या पिकाला पाणी वाटायचं, तर ते मोजणंही आलंच.

मुंबई इलाख्यात क्लॉड इंग्लिस यांनी मापन-नाल्यांचा बारकाईने अभ्यास केला; 1928 मध्ये त्यांचं त्यावरचं टिपण निघालं. कालवा एका जागी आवळायचा, तळाला उंचवटा करायचा. पाणी तिथून वेगाने उतरून पुढे उसळी घेतं. उंचवट्याआधी उभ्या राहिलेल्या पाण्याची उंची वाचली की प्रवाह कळतो. उंचीचा आणि प्रवाहाचा एक तक्ता करतात. त्यातले ठिपके आलेखावर मांडून जोडले की वक्ररेषा मिळते.

इथेच चुकायला वाव असतो. समजा, 1 फुटाला 100 क्युसेक वाहतं. 2 फुटांना ते दुप्पट नाही, सुमारे 283 होतं, कारण अशा नाल्यात प्रवाह उंचीच्या दीडाव्या घाताने वाढतो. पाणी दीड फुटावर असेल तर? दोन ठिपके सरळ रेषेने जोडून पाहिलं, तर साधारण 191 मिळतं. वक्ररेषेवर मात्र 184 असतं. कागदावरच्या या सात क्युसेकचा हिशेब शेवटी टेलच्या शेतकऱ्याच्या वाफ्यात चुकतो. म्हणून ठिपके जवळजवळ घ्यायचे, किंवा रेषेला तिचा बाक द्यायचा.

हे कोडं धरणांपेक्षा कितीतरी जुनं आहे. ज्योतिष्यांच्या ज्यासारणीत, म्हणजे साइनच्या कोष्टकात, दर पावणेचार अंशांना एकेक किंमत असे. मधली हवी असली की त्रैराशिक लावायचं. ते पुरत नाही, हे ब्रह्मगुप्ताने 665 मध्ये ओळखलं आणि लगतच्या दोन फरकांमधला फरकही हिशेबात घेतला. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणि’तही (1150) या दुरुस्तीचा विचार आहे. आज त्याला अंतर्वेशन म्हणतात. आकडे रेषेने दाखवायची पद्धत विल्यम प्लेफेअरने रूढ केली ती नंतर, 1786 मध्ये.

भंडारदऱ्याच्या साठ्याचीही अशीच रेषा आहे. पाणलोटातून गाळ येतो, तळ वर येतो आणि त्याच पातळीला पाणी कमी मावतं. तेव्हा तळ पुन्हा मोजून सारे ठिपके नव्याने मांडावे लागतात. पावसाळ्यात वेळेचीही अडचण येते. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा या दोन्ही वेळांना नदीची पातळी तीच दिसली, तरी दुपारी रतनवाडी-घाटघरकडचा पाऊस खाली येऊन, पूर चढून ओसरलेला असू शकतो. दोन ठिपक्यांमधली आडवी रेषा तो दाखवत नाही. अशा दिवशी तासातासाला पट्टीपाशी जावंच लागतं, डोक्यावर इरलं असो की छत्री.