पेपर टाकल्यानंतर...

मागे एका मित्राने पेपर टाकले, नोटीस पिरियड दोन महिन्यांचा. एचआरने त्याच संध्याकाळी सांगितलं, "उद्यापासून येऊ नका." म्हणजे जाण्याचा इरादा सांगितला की आपण गेलोच का?

१९७७ ची गोष्ट. अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ती सतीश चंद्र यांनी ७ मे रोजी राजीनामा लिहिला, पण १ ऑगस्टपासून लागू होणारा. १५ जुलैला तो मागे घेतला! वाद सुप्रीम कोर्टात गेला. १९७८ चा निकाल: पुढच्या तारखेचा राजीनामा त्या तारखेआधी मागे घेता येतो. १९८७ मध्ये बलराम गुप्ता खटल्यात सरकारी कर्मचाऱ्यालाही हाच न्याय मिळाला.

खाजगी नोकरीत मात्र बरंचसं करारावर ठरतं. तेव्हा मंडळी, पेपर टाकण्याआधी अपॉइंटमेंट लेटरमधलं नोटीसचं कलम नीट वाचा. मित्राने नंतर वाचलं!