तंबूतली प्रज्योत
सातारा-सांगलीच्या अनेक गावांत विजेचा खांब पोहोचण्याआधी सिनेमा पोहोचला. पलूस, तासगाव, कराडच्या पट्ट्यात यात्रेच्या दिवसांत तंबू टॉकीज उभी राही. कनात, यंत्र आणि जनित्र ट्रकमधून येई. पण एवढ्या गर्दीला दिसेल असा प्रकाश आणायचा कुठून?

उत्तर जुनेच होते. १९व्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये हम्फ्री डेव्ही याने बलाढ्य विद्युतघटमालेला जोडलेली कोळशाची दोन टोके एकमेकांपासून किंचित दूर केली, आणि मधल्या हवेत प्रज्योत उभी राहिली. प्रोजेक्टरमध्येही तेच घडे: कार्बनच्या दोन कांड्या क्षणभर टेकवायच्या, लगेच विलग करायच्या. धन कांडीचे टोक साडेतीन हजार अंश सेल्सियसच्या पुढे तापे. लोखंड तर त्याच्या निम्म्याहून कमी तापमानाला वितळते.

कांड्या जळून आखूड होत. अंतर वाढले की पडदा काळवंडे आणि शिट्ट्या सुरू होत. म्हणून चालक गडद काचेतून ज्योत न्याहाळत, कांड्या पुढे सरकवत उभा राही. उघड्या डोळ्यांना ती ज्योत घातक. फीत अडकली तर क्षणात जळे; जुनी नायट्रेट फीत पेटली तर पाण्याखालीही विझत नसे. आणि डोक्यावर छत कापडाचे! नटनट्यांची चरित्रे लिहिली गेली; या माणसाचे नाव गावालाही क्वचितच ठाऊक असे.

पुढे झेनॉनचा दिवा आला आणि ती ज्योत बंद काचेत गेली.