औषधाच्या किमतीचा एक निकाल

आम्ही सरकारी नोकरीतली माणसे. वैद्यकीय बिलांची फाईल किती वेळा परत येते ते आम्हांला ठाऊक. विम्याचा दावा नाकारला, की सारा भार घरावर. म्हणून औषधाची किंमतच खाली आणणारा एक निकाल सांगावासा वाटतो. तो आपल्या हैदराबादशी निगडित आहे.

१९७० च्या पेटंट कायद्याने औषधावर नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट ठेवले. त्या बळावर आपल्या शहरात औषधांचे कारखाने वाढले. २००५ पासून औषधावरही पेटंट आले. पण कलम ८४ ची वाट उरली : औषध परवडत नसेल, पुरेसे मिळत नसेल, तर दुसऱ्यास सक्तीचा परवाना देता येतो.

बायर कंपनीचे यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील 'नेक्साव्हार' महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडे. हैदराबादच्या नॅटकोने अर्ज केला. मार्च २०१२ मध्ये पेटंट नियंत्रकांनी परवाना दिला. महिन्याची कमाल किंमत ठरली ८,८८० रुपये. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला.

असा परवाना देशात पुन्हा कोणाला मिळालेला नाही. विम्याच्या कागदांइतकेच या कलमाकडेही आपण सर्वांनी लक्ष द्यायला हवे.