माणदेशातील उन्हाळी मिशन शिबिरे आणि पाठवणाऱ्या धर्मग्रामाची जबाबदारी

परीक्षा संपल्या की अनेक धर्मग्रामांतील युवक-युवतींना मिशन शिबिराचे वेध लागतात. दहा-पंधरा दिवस दूरच्या गावी राहावे, श्रमदान करावे, तेथील मुलांना शिकवावे, असा त्यांचा मानस असतो. रविवारच्या मिस्सात त्यांना आशीर्वाद दिला जातो, टाळ्या वाजतात आणि गट निघून जातो. मागे राहिलेल्यांनी काय करावयाचे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेख प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून आम्ही माणदेश निवडला आहे. कारण पाहुण्याच्या चांगुलपणाची खरी परीक्षा दुष्काळी मुलखात होते.

सातारा जिल्ह्यातील माण तालुका, त्याला लागून सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि पुढे सोलापूर जिल्ह्यातील सांगोला, असा माणगंगेच्या काठाचा हा प्रदेश साधारणपणे माणदेश म्हणून ओळखला जातो. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने येथे पाऊस थोडा आणि बेभरवशाचा. बाजरी, ज्वारी, मेंढरे आणि खिल्लार जनावरे यांवर लोकांनी पिढ्यान्पिढ्या संसार केला. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ज्यांनी वाचली आहे, त्यांना या मातीची ओळख आहेच. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे पुणे धर्मप्रांतात मोडतात. परंतु या भागात ख्रिस्ती कुटुंबे तुरळक असल्याने रविवारची मिस्सा कोठे मिळेल, याची चौकशीही निघण्यापूर्वी करावी लागते.

प्रथम पाण्याचा हिशेब मांडू. टंचाईच्या काळात गावाला टँकरने पाणी देताना शासन माणशी दररोज २० लिटर हे प्रमाण धरते. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना माणशी १३५ लिटर धरून आखल्या जातात. वीस जणांचा गट शहरी सवयींसह गावात उतरला, तर दिवसाला २,७०० लिटर पाणी लागेल. म्हणजे टंचाईच्या मापाने १३५ गावकऱ्यांचा वाटा. आंघोळ, कपडे, भांडी यांत हे पाणी कसे जाते, ते मुलांच्या लक्षातही येत नाही, आणि यजमान तर काही बोलणारच नाहीत. घरात घागरभर पाणी असले तरी पाहुण्याला आधी तांब्या पुढे करणारी ही माणसे आहेत. सेवेला गेलेला गट अशा रीतीने गावावरच भार होऊ शकतो. म्हणून पाण्याची स्वतंत्र सोय करणे, त्यासाठी पैसे उभे करणे आणि निघण्यापूर्वी आठवडाभर घरीच २० लिटरांत दिवस काढण्याचा सराव मुलांकडून करून घेणे, ही पाठवणाऱ्या धर्मग्रामाची पहिली जबाबदारी आहे. या सरावात आईवडीलही सामील झाले तर अधिक उत्तम!

दुसरी गोष्ट कामाची. २०१८ साली पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत माण तालुक्यातील टाकेवाडी या गावाने राज्यात पहिला क्रमांक मिळविला. त्याच तालुक्यातील भांडवलीही विजेत्यांमध्ये होते. त्या उन्हाळ्यात शहरांतून हजारो स्वयंसेवक १ मे रोजी एका दिवसाच्या श्रमदानासाठी गावोगावी गेले होते. त्यांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण स्पर्धा पंचेचाळीस दिवसांची होती, आणि ते सर्व दिवस कुदळ चालविली ती गावकऱ्यांनी. कोठे चर खणायचा, कोठे दगडी बांध घालायचा, हे प्रशिक्षण घेऊन आलेल्या गावच्याच माणसांनी ठरविले. समतल चराची रेषा चुकली तर त्यात साठावयाचे पाणी उताराने धावते आणि माती घेऊन जाते. तेव्हा आपल्या युवकांनी गावाच्या आराखड्यातील मजूर म्हणून जावे, मुकादम म्हणून नव्हे.

ही शिस्त ख्रिस्तसभेला नवी नाही. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर जिल्ह्यात (आजचे अहिल्यानगर) पाणलोट विकासाचे जे काम उभे केले, त्यात आधी गावाने श्रमदान करावे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वतःहून स्वीकारावी, मगच मदत, असा आग्रह होता. १९९३ साली त्यांनी फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटर’ ही संस्था स्थापन केली. अर्थात चराईबंदी हा शब्द ऐकायला जितका सोपा, तितका मेंढपाळाच्या घरात सोपा नाही. माणदेशात धनगर समाज मोठा आहे. डोंगर बंद झाला तर मेंढरे कोठे न्यावीत, हा प्रश्न आपल्या युवकांनी गावात कोणाला तरी विचारावा आणि उत्तर निमूटपणे ऐकावे. तसेच उरमोडी, टेंभू यांसारख्या योजनांचे पाणी आता या प्रदेशाच्या काही भागांत पोहोचले आहे. जुन्या दुष्काळाचे चित्र मनात धरून दया दाखवायला गेलेला पाहुणा डाळिंबाच्या बागेसमोर उभा राहिला, तर फजिती त्याचीच होईल.

आता पैशाविषयी. फ्रान्समधील लिओं शहरात पोलीन जारिको या तरुणीने १८२२ साली मिशनकार्यासाठी जी योजना सुरू केली, ती आजही उपयोगी आहे. दहा जणांचा एक गट. प्रत्येकाने रोज प्रार्थना करावी आणि आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी किरकोळ नाणे, द्यावे. देणाऱ्यांत रेशीम कारखान्यांतील कामगार स्त्रिया होत्या. त्यातूनच श्रद्धाप्रसाराची संस्था उभी राहिली, आणि २२ मे २०२२ रोजी पोलीन यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. एखाद्या श्रीमंत दात्याने संपूर्ण शिबिराचा खर्च उचलला तर समितीचे काम हलके होते हे खरे. पण मग त्या मुलांची आठवण ठेवणारा तो एकच उरतो. प्रत्येक युवकामागे दहा कुटुंबे असावीत. त्यांपैकी वृद्ध, आजारी मंडळींनी पैसे न देता केवळ प्रार्थना व पत्र द्यावे. लिज्यूची संत तेरेजा मठाबाहेर कोठे गेली नाही, परंतु दूर जाणाऱ्या दोन मिशनरींना ती पत्रे लिहीत असे. १९२७ साली पोपमहोदयांनी तिला मिशनकार्याची आश्रयदाती घोषित केले.

सुरक्षिततेचे नियम थोडक्यात सांगतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती, मुलींसाठी स्वतंत्र निवास व सोबत जबाबदार स्त्री, कोणीही प्रौढ व्यक्ती एकट्या मुलाबरोबर न राहणे. श्रमदान सकाळी लवकर व सायंकाळी. दुपारच्या उन्हात अजिबात नको. दगड उचलण्यापूर्वी खाली विंचू नाही ना, हे पाहावे. जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता व रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक प्रत्येकाजवळ असावा. आणि गावकऱ्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे की आम्ही ख्रिस्ती आहोत, कामासाठी आलो आहोत आणि या कामाच्या बदल्यात काहीही अपेक्षित नाही. कोणी श्रद्धेविषयी विचारले तर प्रांजळपणे उत्तर द्यावे. लपवाछपवी नको आणि आमिषही नको.

परतल्यावर काय? फिलिप्पै येथील मंडळीने पौलाच्या मदतीसाठी एपफ्रदीत यास पाठविले. तो तेथे मरणोन्मुख आजारी पडला, ती बातमी गावी पोहोचली आणि सारे चिंतेत पडले. पौलाने त्याला परत पाठविताना लिहिले की त्याचे आनंदाने स्वागत करा. तो काम अर्धवट टाकून आला, असे कोणी म्हणू नये, ही काळजी त्या शब्दांमागे असावी असे आम्हांस वाटते. आपल्याकडे मे महिना लग्नसराईचा. परतलेला युवक थेट कोणाच्या तरी हळदीला जातो, आणि तेथे भरून वाहणाऱ्या पिंपाकडे पाहून गप्प होतो. घरच्यांना वाटते, थकला असेल. अशा वेळी त्याच्यामागे असलेल्या दहा कुटुंबांपैकी एखाद्याने त्याला घरी बोलवावे आणि विचारावे. छायाचित्रे नंतर पाहता येतील.

शक्य असल्यास त्याच गटातील दोघा-तिघांनी पावसाळ्यात पुन्हा एकदा त्या गावी जाऊन यावे. मे महिन्यात खणलेल्या चरात पाणी थांबले आहे की चर फुटला आहे, हे तेव्हाच कळते. एसटीने जावे, यजमानांना आधी कळवावे आणि पाण्याची बाटली घरूनच भरून न्यावी.